सदस्य तळमजला

या लेखाला एकही संदर्भ नाही. सुलभाताई असत्या तर त्यांनी हा चार मिनिटांत उडवला असता आणि वर मलाच समजावलं असतं, की बाबा रे, तुझी आठवण हा पुरावा होत नाही. चार मिनिटं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आमची ओळखच तशी झाली.

मी लिफ्ट दुरुस्तीवाला. लालबाग, परळ, काळाचौकी भागातले बरेचसे टॉवर माझ्याकडे असतात. एखादा पार्ट येईपर्यंत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तासन्‌तास बसून राहावं लागतं. अशाच एका दुपारी मी मोबाइलवर ऑनलाइन ज्ञानकोश चाळत होतो. तोच, जो कुणीही फुकट वाचू शकतो आणि कुणीही दुरुस्त करू शकतो. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळावर तिथे लेख होता, तीन ओळींचा. तीन ओळी, आणि आमच्या मंडळावर! माझं डोकंच फिरलं. खातं काढलं, ‘मालवणीमसाला’ असं नाव घेतलं आणि तिथल्या तिथे दोन परिच्छेद ठोकून दिले. भव्यदिव्य, जगप्रसिद्ध, लाखो भाविकांचं श्रद्धास्थान, सगळं घातलं. खाली जाऊन चहा पिऊन आलो, तर पुन्हा तीन ओळी. माझं लिखाण गायब, तेही चार मिनिटांत. बाजूला एक शेरा होता: ‘हार काढले. संदर्भ असल्यास परत घालावे. सदस्य: तळमजला.’

मी पेटलो. तिथे प्रत्येक सदस्याचं एक चर्चा पान असतं, त्याला उद्देशून काही लिहायचं असेल तर तिथे लिहायचं. तळमजल्याच्या पानावर जाऊन मी लिहिलं, ‘तू कोण रे मोठा लागून गेलास? कधी लालबागला आलायस का?’ उत्तर आलं, तेही चांगलं पानभर. नमस्कार, स्वागत आहे, तुमच्या भागाविषयी लिहावंसं वाटलं याचा आनंद झाला, संदर्भ कसा द्यायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. आणि शेवटी: ‘मी काळाचौकीची. तुमच्या मंडळाचा प्रसाद लहानपणापासून खाते. लाखो भाविक मोजलेले नाहीत, मोजले असतील तर कोणी, ते कळवा.’

म्हणजे बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मराठी ज्ञानकोशाचे मुंबईतले संपादक दादरच्या एका उपाहारगृहात जमत. जमत म्हणजे पाच-सहा माणसं, कधी तीनच. सगळे बिनपगारी, कुणी सांगितलं नसताना हे काम करणारे. तिथे मी पहिल्यांदा तळमजल्याला, म्हणजे सुलभाताईंना पाहिलं. सुती साडी, पायात रबरी चप्पल, गळ्यात दोरीने अडकवलेलं पेन आणि मांडीवर कापडी पिशवी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की ‘बोला’ म्हणाल्या की समोरचा मुद्द्याचंच बोले.

‘मसाला तूच का?’ त्यांनी विचारलं. ‘बस. मिसळ तिखट आहे म्हणतात इथली.’ आणि लगेच स्वतःच, ‘कोण म्हणतं, ते मात्र विचारायचं राहिलं.’

हे त्यांचं ‘कोण म्हणतं?’ म्हणजे एक दुखणंच होतं. घरात, बाजारात, कुणाच्या लग्नात, मयतीला, कुठेही. कुणी म्हणालं, अमका फार सज्जन माणूस होता, की ताई मान तिरकी करून विचारणार, ‘कोण म्हणतं?’ भांडण म्हणून नाही हं. खरंच जाणून घ्यायचं असे. एकदा मी त्यांच्याबरोबर दादरला आंबे घ्यायला गेलो होतो. आंबेवाला म्हणाला, ‘देवगड हापूस आहे ताई, पेटीवर बघा ना छापलंय.’ ताईंनी पेटी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाल्या, ‘पेटी देवगडची आहे, हे दिसतंय. आंबा कुठला?’ तो म्हणाला, पेटीतलाच. ‘पेटीत तू घातलास ना?’ माणूस हसायला लागला आणि शेवटी कबूल झाला, की रिकाम्या पेट्या वेगळ्या विकत मिळतात. ताईंनी तरी आंबे घेतले. ‘गोड आहेत,’ म्हणाल्या, ‘फक्त देवगडचे नाहीत.’

लेखांतल्या स्तुतीला त्या ‘हार’ म्हणायच्या. थोर, महान, अजरामर, निःस्वार्थी, अथक, हे सगळे हार. ‘अरे, फोटोला इतके हार घातले की माणसाचा चेहरा दिसत नाही,’ असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरा हट्ट म्हणजे, काहीही बदल केला की का केला ते एका ओळीत लिहायचंच. ज्ञानकोशात त्यासाठी एक छोटी चौकट असते, तिला सारांश म्हणतात. बहुतेक लोक ती रिकामी ठेवतात. ताईंनी जन्मात रिकामी ठेवली नाही. ‘घरात शिरून सामान हलवलंस, निदान चिठ्ठी तरी ठेवून जा,’ त्या मला सांगायच्या.

मी घरी येऊन त्यांचंच बोलत बसायचो. शेवटी आई वैतागून म्हणाली, ‘मेल्या, ती बाई तुका ओरडता आणि तू तिच्याच नावाचो जप करतंस!’ आई खोटं बोलत नव्हती.

ताईंचं खरं भांडण मोरेश्वर पेठ्यांशी. पेठेकाका गिरगावातले, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ज्ञानकोशावर स्वतःच्या खऱ्या नावाने वावरणारे एकमेव गृहस्थ. ‘टोपणनाव चोर घेतात,’ असं त्यांचं मत. प्रभादेवी गिरणगावात धरायची की नाही, यावर दोघे तीन आठवडे चर्चा पानावर भांडले. तेही किती अदबीने! ‘सुलभाबाई, आपल्या मताचा आदर राखून नमूद करतो...’ म्हणजे पुढे कुऱ्हाड. ताईही कमी नव्हत्या. ‘पेठेसर, आपण दिलेले पुस्तक मी मिळवून वाचले. त्या पानावर तसे काहीही नाही.’ रविवारी मात्र समोरासमोर बसत आणि ताई त्यांच्या चहात साखर कमी घालायला सांगत, कारण त्यांना मधुमेह होता आणि ते स्वतः सांगायचे नाहीत.

एका भांडणाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. गिरगावातल्या एका जुन्या संस्थेवर लेख होता. तिची इमारत, तिचे कार्यक्रम, सगळं त्यात होतं. ताईंनी त्यात एक वाक्य घातलं, की सुरुवातीची अनेक वर्षं या संस्थेत अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेश नव्हता. पेठ्यांनी ते काढलं. शेरा: ‘संदर्भ?’ ताईंनी पुन्हा घातलं, पेठ्यांनी पुन्हा काढलं. त्यात एका निनावी माणसाने चर्चा पानावर ताईंना ‘तुम्हा लोकांना सगळीकडे हेच दिसतं’ असं लिहिलं. मला इतका संताप आला, की मी चार शिव्या टाइप करून ठेवल्या होत्या. ताईंनी फोन करून सांगितलं, ‘पुसून टाक त्या. पेठे बरोबर आहेत. माझ्याकडे संदर्भ नाही. मला माहीत आहे, एवढंच आहे.’

मग त्या शोधायला लागल्या. तीन महिने दादरच्या एका ग्रंथालयात जाऊन जुने अहवाल उघडत बसल्या. तिथे फोटो काढायला मनाई, म्हणून गळ्यातल्या पेनाने पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घ्यायच्या. शेवटी संस्थेच्याच जुन्या छापील अहवालात प्रवेशाचा नियम सापडला, शब्दाला शब्द. त्यांनी तो चर्चा पानावर मांडला, पान क्रमांकासकट. दहा मिनिटांत ते वाक्य लेखात परत आलं. घालणारे पेठे. शेरा होता, ‘सुलभा जाधव यांनी दिलेल्या संदर्भानुसार. आधी दोनदा काढल्याबद्दल दिलगीर.’ पुढच्या रविवारी त्या विषयावर दोघांनी चकार शब्द काढला नाही. ताईंनी नेहमीसारखी त्यांच्या चहातली साखर कमी करवली.

आता जे सांगायचंय ते ताईंच्या वडिलांबद्दल.

तुकाराम जाधव गिरणी कामगार होते. काळाचौकीच्या ज्या चाळीत हे कुटुंब तळमजल्यावर राहायचं, तिथेच शेजारच्या खोलीत ‘उजेड मोफत वाचनालय’ होतं. म्हणून ताईंचं ते सदस्यनाव. संध्याकाळी गिरणी सुटली की कामगार तिथे येऊन पेपर वाचत, पोरं अभ्यास करत. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ दिनकर बायकोसह त्याच टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर राहायला आले. लिफ्ट अर्थात माझ्याकडे. ज्ञानकोशात वाचनालयावर छोटासा लेख होता, आणि त्यात एक वाक्य होतं: ‘कंदिलाच्या उजेडात अक्षरांची पेरणी करणारे हे वाचनालय तुकाराम जाधव यांनी स्थापन केले.’ त्याला संदर्भ नव्हता.

टॉवरच्या कमिटीने ठरवलं, की कोपऱ्यावरच्या चौकाला वाचनालयाच्या संस्थापकाचं नाव द्यायचं. तुकाराम जाधव चौक. अर्ज करायचा, त्याला पुरावे जोडायचे. दिनकरकाका सत्तरीकडे झुकलेले, पण पोरासारखे नाचत होते. वडिलांचा फोटो मोठा करून आणला, फलक कसा असावा ते रंगाऱ्याकडून कागदावर काढून घेतलं, दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवला. मलाही वाटलं, आपणही काहीतरी करावं. ताईंच्या वडिलांच्या वाक्याला संदर्भ नाही, ही काय शोभा झाली? मी खणायला लागलो, आणि मिळालं की! एका वर्तमानपत्राच्या जुन्या पुरवणीत गिरणगावातल्या वाचनालयांवर लेख होता आणि त्यात तुकाराम जाधवांचं नाव, संस्थापक म्हणून. मी तो संदर्भ लेखात चढवला आणि छापील प्रत घेऊन सोळाव्या मजल्यावर धावलो.

ताई लसूण सोलत होत्या. ‘ताई, सापडला!’ मी कागद पुढे केला. त्यांनी हात पुसले, पिशवीतून भिंग काढलं. डोळ्यांचा त्रास तेव्हा सुरू झाला होता, भिंग दर सहा महिन्यांनी मोठं होत होतं. ओळीवरून भिंग फिरवत गेल्या आणि थांबल्या.

‘कंदिलाच्या उजेडात अक्षरांची पेरणी,’ त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘हे वाक्य माझं आहे.’

‘म्हणजे?’

‘पान इतिहास उघड. अगदी खाली जा.’

ज्ञानकोशात प्रत्येक लेखाचा इतिहास जपलेला असतो, कुणी कधी काय घातलं ते सगळं. मी खाली गेलो. ते वाक्य बारा वर्षांपूर्वी कुणीतरी खातं न काढता घातलं होतं. पुरवणीतला लेख त्यानंतर तीन वर्षांनी छापलेला. लिहिणाऱ्याने ज्ञानकोशातून जसंच्या तसं उचललं होतं, पेरणीसकट.

‘बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यातलं आहे,’ ताई म्हणाल्या. ‘तेव्हा नियम माहीत नव्हते. आई नेहमी म्हणायची, वाचनालय तुझ्या बाबांनी काढलं. मी तेच लिहिलं. माझं पहिलं वाक्य ते. पेटी माझीच आहे रे, मसाला. आंबा कुठला, देव जाणे.’

त्या पुढे म्हणाल्या, ‘आणि खरं सांगू? नियम कळल्यावर मी त्या पानावर परत गेलेच नाही. तुझं मंडळ उडवलं, पेठ्यांच्या आजोबांचं नाव एका यादीतून उडवलं, ते बिचारे काही बोलले नाहीत. पण त्या एका पानावर मी गेले नाही. गेले असते तर ते काढावं लागलं असतं.’

‘ताई, आता पेपरात छापून आलंय,’ मी म्हणालो. ‘नियमात बसतंय. कुणाला कळणार आहे?’

‘पेठ्यांना कळेल. इतिहास उघडायला त्यांना दोन मिनिटं लागतील. आणि ते गप्प बसतील, माझ्यासाठी. ते मला नको.’

त्यांनी माझ्यासमोरच ते वाक्य काढलं. सारांशात लिहिलं: ‘दिलेली बातमी याच लेखावरून घेतलेली आहे. मूळ वाक्य मीच संदर्भाशिवाय लिहिले होते. काढत आहे.’ मग पुन्हा लसूण सोलायला घेतला. माझ्याच्याने तिथे बसवेना.

कमिटीच्या सभेत त्यांनी उभं राहून तेच सांगितलं. वाचनालय आमच्या बाबांनी काढल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, अर्जाला जोडलेली बातमी माझ्याच वाक्यावरून आहे. लेकच असं म्हणतेय म्हटल्यावर कमिटी काय करणार? चौकाचा विषय बारगळला. खाली लिफ्टपाशी कुणीतरी म्हणालं, ‘बापाला लेकीनेच चौकातून उठवलं.’ दिनकरकाकांनी ताईंशी बोलणं टाकलं. एकाच घरात दोघं, आणि निरोप वहिनीमार्फत. ‘तिला सांग, दूध उतू जातंय.’ ‘त्याला सांग, गॅस त्याच्याच बाजूला आहे.’ ऐकणाऱ्याला हसू यावं, पण ताई त्या महिन्यांत वाळल्या. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला. मी फोनवर म्हणालोही, ‘ताई, एका ओळीपायी घर मोडलंत तुम्ही.’ त्या म्हणाल्या, ‘कोण म्हणतं?’ पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

पेठेकाकांनी मात्र वेगळाच विचार केला. ‘सुलभाबाई, वाक्य गेलं, हे योग्य झालं. पण वाचनालय कुणीतरी काढलंच असेल ना? चाळ पाडली तेव्हा कपाटं कुठे गेली?’ ताईंना आठवलं, एक कपाट आणि दोन पत्र्याच्या ट्रंका जवळच्या बुद्ध विहारात ठेवल्या होत्या.

एका रविवारी दादरची मिसळ सोडून आम्ही तिघे विहाराच्या पोटमाळ्यावर चढलो. म्हणजे मी चढलो आणि ट्रंका खाली आणल्या, कारण पेठ्यांचे गुडघे आणि ताईंचे डोळे. पुस्तकांना वाळवी लागली होती, पण खाली मेणकापडात बांधलेल्या वह्या शाबूत होत्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर वाचनालय सुरू करण्याचा ठराव, खाली पाच जणांच्या सह्या. मी वाचून दाखवल्या. एक नाव मालवणकडचं, एक साताऱ्याचं वाटत होतं. तुकाराम जाधव त्यात नव्हते.

‘पुन्हा वाच,’ ताई म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. पाच नावं होती, तीच.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘पुढे चल.’

पुढे रोजच्या नोंदी होत्या. तारीख, आज किती वाचक आले, आणि ‘दार उघडले’ याच्यापुढे रोज एक शाईचा डाग. मला वाटलं, ओल लागली असेल. पेठ्यांनी वही खिडकीकडे नेली आणि म्हणाले, ‘हा अंगठा आहे.’ डागाच्या बाजूला दुसऱ्या कुणाच्यातरी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘तुकाराम जाधव यांची निशाणी.’

ताईंना कळेना. ‘बाबांना वाचता येत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडून पाढे घोकून घ्यायचे. रोज पेपर वाचायचे.’

आम्ही पानं उलटत गेलो. अंगठा, अंगठा, अंगठा. पहिली वही संपली, दुसरी संपली. तिसऱ्या वहीच्या मध्यावर एका दिवशी अंगठा नव्हता. तिथे पेन्सिलीने, दोन ओळींची जागा व्यापून लिहिलं होतं: ‘तुकाराम’. अक्षरं एकमेकांवर चढलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा, बहुतेक धीर झाला नसावा. तिसऱ्या दिवसापासून मात्र सही, शेवटच्या वहीपर्यंत.

ज्या माणसाला वाचता येत नव्हतं, तो गिरणीतून आल्यावर रोज वाचनालयाचं दार उघडत होता. आणि तिथेच शिकला, हे त्याने पोरांना कधीच सांगितलं नाही. ताईंनी त्या पेन्सिलीच्या सहीखाली बोट धरलं आणि भिंग खाली ठेवलं. मी रडलो, लपवत नाही. ताई रडल्या नाहीत. पेठेकाकांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. ताई तोंड लावून प्यायल्या. उरलेलं पाणी पेठे प्यायले आणि झाकण लावलं.

मला वाटलं, आता काय, लगेच लेखात घालू. पेठे म्हणाले, ‘हस्तलिखित वही हा प्रकाशित संदर्भ नव्हे. आपणच शोधायचं आणि आपणच छापायचं, हे ज्ञानकोशात चालत नाही.’ मी त्यांच्या अंगावरच जाणार होतो, पण ताईच म्हणाल्या, ‘बरोबर आहे.’ दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही नको तिथे! ठाण्याच्या एका छोट्या त्रैमासिकाला पेठ्यांनी पत्र लिहिलं. त्यांचा माणूस येऊन वह्या तपासून गेला. लेख छापून यायला पावणेदोन वर्षं लागली. तेवढ्यात ताईंच्या डोळ्यांचा पडदा पूर्ण निकामी झाला. भिंगाचा उपयोग संपला. त्या मला फोन करून विचारायच्या, ‘आलं का रे?’ मी म्हणायचो, ‘पुढच्या अंकात, ताई.’ मला धास्ती एकच, की हे ताईंच्या हयातीत होतंय की नाही.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. अंगठ्याचं दिनकरकाकांना कळलं तेव्हा ते आणखी भडकले. अबोला मोडला, तो ओरडण्यासाठी. ‘आधी चौक घालवलास. आता जगाला सांगणार, आपला बाप अंगठाछाप होता?’ ताईंनी मला काकांना घेऊन विहारात जायला सांगितलं. काका रागारागाने आले, सगळ्या वह्या मांडीवर घेऊन तासभर बसले. येताना वाटेत एवढंच म्हणाले, ‘मला चौथीत मार बसला होता, अक्षर खराब म्हणून. बाबा म्हणालेले, असू दे, अक्षर यायला वेळ लागतो.’ त्यानंतर निरोपासाठी वहिनींची गरज पडली नाही.

शेवटची भेट झाली ती एका रविवारी सकाळी. त्रैमासिकाचा अंक आला होता. ज्ञानकोशातल्या लेखात ते घालायचं काम माझ्याकडे, कारण ताई मुलगी, त्यांनी स्वतःच्या वडिलांवर लिहायचं नाही हा नियम. मी आदल्या दिवशीच लिहून, संदर्भ देऊन जतन केलं होतं. टॉवरची लिफ्ट बंद होती आणि ती दुरुस्त करायचं सोडून मी आधी सोळा मजले चढून गेलो, आता बोला! ताई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, फार बारीक झालेल्या, गळ्यात पेन तसंच. दिनकरकाका बाजूला पेपर घेऊन. मी मोबाइलवरून वाचायला लागलो. ठराव, पाच संस्थापकांची नावं, आणि मग:

‘वाचनालयाचे दार गिरणी कामगार तुकाराम जाधव रोज निष्ठेने उघडत. सुरुवातीच्या नोंदींवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा असून...’

‘थांब,’ ताई म्हणाल्या. ‘रोज काय?’

‘निष्ठेने.’

‘कोण म्हणतं?’

‘ताई, राहू दे ना,’ मी म्हणालो. ‘एक शब्द. मी म्हणतो. अख्ख्या ज्ञानकोशात तुमच्या बाबांना एक शब्द नाही का मिळणार?’

दिनकरकाकांनीही पेपर खाली घेतला. ‘राहू दे गं, अक्का.’

‘त्या अंकात आहे का तो शब्द?’

नव्हता.

‘मग हार काढ.’

मी काढला. ‘आता वाच,’ त्या म्हणाल्या. मी वाचलं: वाचनालयाचे दार गिरणी कामगार तुकाराम जाधव रोज उघडत. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा दिनकरकाकांनी माझ्या हातून मोबाइल घेऊन वाचलं, अंगठ्यापासून सहीपर्यंत, आणि शेवटी डोळे पुसले. ताई मात्र हसत होत्या. ‘दिसले बाबा,’ म्हणाल्या.

लिफ्टचं काम राहिलं होतं म्हणून मी उठलो. दारात चप्पल घालत होतो तेवढ्यात आतून आवाज आला, एक्स्चेंजमधला.

‘मसाला, सारांश लिहिलास का?’

नव्हता लिहिला. मी परत आत गेलो. ‘काय लिहू, ताई?’

त्यांनी थोडा विचार केला. ‘लिही, हार काढला,’ त्या म्हणाल्या. ‘आणि पुढे लिही, सांगणारी त्यांची मुलगी.’

मी तसंच लिहिलं आणि जतन केलं.